गणकयंत्राचे गणिती जॉन फॉन नॉयमन

आज आपल्या बेटावर संगणक नाही असे घर क्वचितच सापडेल. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, परदेशी गेलेल्या लेकाशी बोलणे, लग्नाचे फोटो, सारे काही त्यातच. म्हणूनच त्यात एखादा छुपा प्रोग्रॅम शिरला की घरातील सर्वांची झोप उडते. काही व्हायरस एका फटक्यात निघतात. काही मात्र असे चिवट असतात, की अँटिव्हायरस सर्व ठीक असल्याची ग्वाही देतो, आणि तरीही यंत्र कण्हत चालते, नको ती पाने आपोआप उघडतात, पुसून टाकलेली फाइल दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर हजर असते. पूर्वी आपल्या लाकडी घरांना कारिया, म्हणजे वाळवी, लागे तेव्हा तुळई वरून कशी गुळगुळीत दिसे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. हा प्रकार तसाच आहे.

एखादा प्रोग्रॅम यंत्रात लपू शकतो तरी कसा, आणि स्वतःच्या प्रती काढतो तरी कसा? याचे मूळ शोधत गेल्यास आपण अमेरिकेतील एका गणितज्ञापाशी येऊन पोहोचतो. त्यांनी स्वतः एकही व्हायरस लिहिला नाही. १९५७ साली ते वारले तेव्हा सामान्य माणसाच्या घरात संगणक येईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तरी आपल्या टेबलावरचे यंत्र ज्या मांडणीवर चालते, तिला आजही त्यांचेच नाव आहे. त्या जॉन फॉन नॉयमन यांचा परिचय आज आम्ही करून देत आहोत.

फॉन नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. हंगेरियन रिवाजात आडनाव आधी येते, म्हणून त्यांचे मूळ नाव नॉयमन यानोश. वडील मिक्शा हे बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. १९१३ साली सम्राट फ्रान्झ योझेफ यांच्याकडून कुटुंबाला सरदारकीचा किताब मिळाला. त्यातूनच पुढे जर्मनीत त्यांच्या नावात फॉन हा शब्द आला, आणि अमेरिकेत यानोशचा जॉन झाला. नावांचा असा प्रवास आपल्या घराण्यांना नवा नाही. जहाजातून उतरलेल्या आपल्या पूर्वजांची नावे कारकुनाच्या लेखणीखाली कशी बदलली, हे जुने कागद पाहिलेल्यांना ठाऊक आहेच.

यानोश लहानपणापासून विलक्षण बुद्धीचा. मोठमोठ्या संख्यांचे भागाकार तो तोंडी करी, आणि एकदा वाचलेले पान पुढे कित्येक वर्षांनी जसेच्या तसे म्हणून दाखवी, असे सांगतात. अशा मुलाचे काय करावे हा प्रश्न कोणत्याही शाळेपुढे पडतो. काही शिक्षक अशा मुलाकडे दुर्लक्ष करतात, काही त्याचा उगाच दुःस्वास करतात. बुडापेस्टच्या लूथरन शाळेत लाझ्लो रात्झ नावाचे गणिताचे शिक्षक होते. त्यांनी मुलाची पात्रता ओळखली, वडिलांची भेट घेतली आणि या मुलाला शाळेतील गणितावर बसवून ठेवणे योग्य नाही, त्याच्यासाठी विद्यापीठातील गणितज्ञाची शिकवणी ठेवावी, असा सल्ला दिला. त्यानुसार गाबोर सेगो हे तरुण गणितज्ञ घरी येऊन शिकवू लागले. याच शाळेत एक वर्ष पुढे यूजीन विग्नर शिकत होते. १९६३ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा स्टॉकहोमच्या भाषणातही त्यांनी रात्झ गुरुजींचे नाव घेतले. आम्ही स्वतः शिक्षकी पेशातले असल्यामुळे ही गोष्ट जरा लांबवून सांगितली, वाचक समजून घेतील.

वडिलांना मात्र एक चिंता होती. गणितावर पोट भरेल काय? मुलाने डॉक्टर किंवा वकील व्हावे असा आग्रह आपल्याकडे जसा घरोघरी चालतो, तसाच तेथेही होता. शेवटी तडजोड झाली. मुलाने झुरिक येथे रसायन अभियांत्रिकी शिकायची, आणि त्याच वेळी बुडापेस्ट विद्यापीठात गणिताच्या डॉक्टरेटसाठी नाव घालायचे. १९२६ साली त्यांनी दोन्ही पदव्या मिळवल्या. वय अवघे बावीस. त्यानंतर काही काळ ते जर्मनीत ग्योटिंगेन येथे थोर गणितज्ञ हिल्बर्ट यांच्याजवळ राहिले, आणि बर्लिन व हॅम्बर्ग येथे शिकवले.

याच काळातील एक प्रसंग येथे सांगायला हवा, कारण तो पुढे उपयोगी पडणार आहे. १९३० सालच्या सप्टेंबरमध्ये कोनिग्सबर्ग येथे एक परिषद भरली होती. तेथे कुर्ट ग्योडेल या तरुणाने शांतपणे एक विधान केले, की गणितात अशीही सत्ये असतात की जी त्याच गणिताच्या नियमांनी सिद्ध करता येत नाहीत. हजर असलेल्या बहुतेकांच्या ते लक्षातच आले नाही. फॉन नॉयमन यांच्या मात्र तत्काळ लक्षात आले. ज्या हिल्बर्टच्या कार्यक्रमासाठी ते स्वतः राबत होते, त्याच्या मुळावरच घाव पडला होता. त्यांनी तो निमूटपणे मान्य केला, आणि पुढे ग्योडेल यांची थोरवी सर्वांना सांगत राहिले. विद्वानांत हा गुण दुर्मीळ आहे.

१९३० साली ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे आले, आणि १९३३ साली तेथील इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी या नव्या संस्थेत प्राध्यापक झाले. आल्बर्ट आइन्स्टाइन हे त्यांचे सहकारी. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि परतीची वाट बंद झाली. १९३७ साली फॉन नॉयमन अमेरिकेचे नागरिक झाले. पहिली पत्नी मारिएट यांच्यापासून त्यांना मरीना ही कन्या झाली. तो विवाह टिकला नाही. १९३८ साली त्यांनी बुडापेस्टच्याच क्लारा दान यांच्याशी विवाह केला. या क्लाराबाईंनी पुढे गणकयंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिले, आणि जगातील अगदी पहिल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत त्यांची गणना होते. पतीच्या नावामागे त्यांचे नाव झाकले गेले, ते आता कुठे पुढे येत आहे.

गणिती म्हटला की विसराळू, फाटक्या कोटाचा माणूस डोळ्यांपुढे येतो. हे तसे नव्हते. नेहमी सूटबूट, घरी पाहुण्यांची वर्दळ, खाण्यापिण्याची हौस, विनोदाची आवड. गोंगाटातच त्यांचे काम चांगले होई. मोटार मात्र ते फार वाईट चालवत आणि वरचेवर ठोकत.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांचे गणित लष्कराच्या कामी लागले. १९४३ पासून ते न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस येथील गुप्त अणुबाँब प्रकल्पाचे सल्लागार होते. प्लुटोनियमच्या गोळ्यावर सर्व बाजूंनी एकाच क्षणी स्फोटाचा दाब कसा आणावा, हे गणित सोडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तो बाँब ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडला. कोणत्या शहरांवर बाँब टाकावा हे ठरवणाऱ्या समितीतही ते होते. थोरांची चरित्रे लिहिताना अशा गोष्टी गाळण्याची प्रथा आहे, ती आम्हाला पसंत नाही. युद्धानंतरही रशियाच्या बाबतीत त्यांची मते कडक होती, आणि त्यांचे पुष्कळ मित्रही त्यांच्याशी सहमत नव्हते.

स्फोटाचे गणित हाताने सुटण्यासारखे नव्हते, म्हणून ते गणकयंत्राच्या शोधात होते. १९४४ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधील ॲबर्डीन स्टेशनच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असता हर्मन गोल्डस्टाइन नावाचा एक लष्करी अधिकारी त्यांच्याशी बोलायला आला. फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक विजेचे गणकयंत्र तयार होत असल्याचे त्याने बोलता बोलता सांगितले. थोड्याच दिवसांत फॉन नॉयमन ते पाहायला गेले. ते यंत्र म्हणजे एनिॲक. सुमारे १८,००० व्हॉल्व्ह, वजन सुमारे ३० टन, एक मोठी खोली भरून. जॉन मॉचली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी ते बांधले.

एनिॲक वेगवान होते, पण त्यात एक मोठी अडचण होती. नवे गणित घालायचे म्हणजे तारा काढून पुन्हा जोडायच्या आणि शेकडो बटणे फिरवायची, यात दिवसचे दिवस जात. पुढच्या यंत्रात ही अडचण कशी टाळावी यावर तेथील मंडळी विचार करीतच होती. फॉन नॉयमन त्यांच्यात सामील झाले, आणि ३० जून १९४५ या तारखेच्या एका टिपणात ती नवी मांडणी त्यांनी नीट, तर्कशुद्ध लिहून काढली. टिपणावर नाव मात्र एकट्या फॉन नॉयमन यांचे पडले. गोल्डस्टाइन यांनी ते तसेच वाटले, आणि एकर्ट व मॉचली यांना त्याचे दुःख जन्मभर राहिले. आमच्या मते त्यांची तक्रार रास्त होती. मांडणीला आज जे एकाच माणसाचे नाव आहे, त्यामागे अनेकांचे डोके आहे.

ती कल्पना काय होती? यंत्राची स्मृती म्हणजे पोस्टातील पत्रांच्या खणांसारखी एक लांबलचक रांग समजा. प्रत्येक खणात एक संख्या. पूर्वी या खणांत फक्त गणितातील आकडे असत, आणि काय करायचे त्याच्या आज्ञा बाहेर तारांत असत. आता आज्ञाही संख्यांच्याच रूपात लिहून त्याच खणांत ठेवायच्या. यंत्र एकेक खण उघडून आज्ञा वाचील आणि पाळील. तारा जोडणे संपले. खणांतील मजकूर बदलला की तेच यंत्र आज हवामानाचे गणित करील, उद्या पगाराचा हिशोब.

आम्ही मुलांना हे समजावताना स्वयंपाकघराचा दाखला देतो. एकाच फळीवर सारखेच डबे आहेत. काहींत डाळ, तांदूळ, मीठ आहे, आणि काहींत स्वयंपाकाची कृती लिहिलेल्या चिठ्ठ्या. स्वयंपाकी इतका आज्ञाधारक, की चिठ्ठीत जे असेल ते तो मुकाट्याने करणार. ही सोय फार मोठी आहे. पण रात्री कोणी आत शिरून डाळीच्या डब्यात एक चिठ्ठी टाकली, आणि आधीच्या चिठ्ठीखाली इतकेच लिहिले की पुढची कृती त्या डब्यात पाहा, तर स्वयंपाकी तेही करील. चिठ्ठी कोणी लिहिली हे विचारण्याची त्याला सवयच नाही. संगणकात जो छुपा प्रोग्रॅम शिरतो तो याच दाराने शिरतो. यंत्राच्या दृष्टीने फोटो, पत्र, प्रोग्रॅम आणि व्हायरस या साऱ्या संख्याच. अलीकडच्या यंत्रांत कोणत्या खणांतील मजकूर आज्ञा म्हणून चालवायचा नाही यावर पहारे बसवले आहेत, पण घर मुळात त्याच आराखड्याचे आहे.

युद्धानंतर फॉन नॉयमन यांनी प्रिन्स्टनच्या संस्थेतच असे यंत्र बांधायला घेतले. जूलियन बिगेलो हे मुख्य अभियंता. पुस्तके आणि फळा यांवर जगणाऱ्या त्या संस्थेत सोल्डरिंग करणारी माणसे आली, हे पुष्कळ विद्वानांना रुचले नाही. १९५१ साली यंत्र चालू झाले आणि १९५२ च्या जूनमध्ये ते जाहीरपणे दाखवण्यात आले. त्याची स्मृती ४० अंकी १,०२४ खणांची होती, म्हणजे आजच्या हिशोबाने ५ किलोबाइट. तुमच्या फोनमधील एक लहानसा फोटोही तीत मावणार नाही. यंत्राचे आराखडे त्यांनी लपवून ठेवले नाहीत, सर्वांना दिले. त्यावरून अनेक ठिकाणी यंत्रे बांधली गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेले यंत्रही स्मृतीत आज्ञा ठेवणारेच होते. १९६२ साली त्याला टिफ्रॅक हे नाव पंडित नेहरूंनी दिले.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे मेंदूविषयी एक परिसंवाद झाला. तेथे, आणि पुढच्या वर्षी इलिनॉय विद्यापीठातील व्याख्यानांत, फॉन नॉयमन यांनी एक वेगळाच प्रश्न हाती घेतला. यंत्र यंत्राला जन्म देऊ शकेल काय? कारखान्यातील यंत्र आपल्याहून साधी वस्तू बनवते, हे आपण पाहतोच. पण सजीव आपल्याइतकेच गुंतागुंतीचे मूल निर्माण करतो. हे यंत्राला जमण्यात काही तर्कशास्त्रीय अडथळा आहे काय?

अडथळा दिसतो तो असा. यंत्राने स्वतःची प्रत बनवायची तर त्याच्यापाशी स्वतःचा आराखडा हवा. पण आराखडा त्याच्या पोटात असेल, तर त्या आराखड्यात आराखड्याचाही आराखडा हवा, आणि त्यात पुन्हा त्याचा. हे संपायचेच नाही. फॉन नॉयमन यांनी गाठ सोडवली ती फार सुरेख आहे. आराखडा एकच, पण तो दोनदा वापरायचा. आधी गवंड्याने तो वाचून त्याप्रमाणे घर बांधायचे. मग कारकुनाने, त्यात काय आहे हे न वाचता, त्याची फक्त नक्कल करायची आणि ती नव्या घरात ठेवायची. झाले. नव्या घरात गवंडी आहे, कारकून आहे आणि आराखडाही आहे. ते पुढचे घर बांधायला मोकळे. पुढे मित्र स्टॅनिस्लाव उलाम यांच्या सूचनेवरून त्यांनी हेच सारे चौकटींच्या अमर्याद पटावर मांडले. प्रत्येक चौकट २९ पैकी एका स्थितीत असू शकते, आणि ठरलेल्या नियमांनी पटावरील एक आकृती आपल्या शेजारी आपल्यासारखीच दुसरी उभी करते. नक्कल करताना चूक झाली तर ती पुढच्या पिढीत उतरते, हेही त्यांनी दाखवले. १९५३ साली केंब्रिज येथे वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना शोधली, आणि पुढच्या संशोधनातून दिसले की पेशीही हेच करते. एकच लिखाण एकदा वाचून वापरते आणि एकदा न वाचता उतरवते.

हे सारे कागदावर होते, तरी यंत्रात त्याची चुणूक दिसायला वेळ लागला नाही. १९५३ साली निल्स बारिचेल्ली हे शास्त्रज्ञ प्रिन्स्टनला आले. त्यांनी त्या पाच किलोबाइटांच्या स्मृतीत संख्यांचे जीव सोडले. ते स्वतःच्या प्रती काढत, जागेसाठी भांडत, आणि काही तर बांडगुळासारखे दुसऱ्यांवर जगत. उत्क्रांती कशी होते हे त्यांना पाहायचे होते. संगणकाच्या पोटात परोपजीवी वाढू शकतो, हे माणसाने तेथे बहुधा पहिल्यांदा पाहिले.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. १९७१ साली मॅसॅच्युसेट्समधील एका कंपनीत बॉब थॉमस यांनी क्रीपर नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो तारेवरून एका यंत्रातून दुसऱ्यात जाई. त्याच्या पाठीवर रे टॉमलिन्सन यांनी रीपर नावाचा दुसरा प्रोग्रॅम सोडला, तो त्याला शोधून पुसत जाई. १९८२ साली रिच स्क्रेंटा या शाळकरी मुलाने ॲपलच्या घरगुती संगणकांत डिस्कवरून पसरणारा एक खोडसाळ प्रोग्रॅम सोडला. मग नोव्हेंबर १९८३ मध्ये फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने हा प्रकार शास्त्रीय प्रयोग म्हणून करून दाखवला. विद्यापीठाच्या यंत्रात त्यांचा प्रोग्रॅम सरासरी अर्ध्या तासात सर्वाधिकारी होऊन बसला. व्हायरस हे नाव त्यांचे मार्गदर्शक लेनर्ड ॲडलमन यांनी सुचवले. कोहेन यांनी याहून महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. कोणताही प्रोग्रॅम दिला असता तो व्हायरस आहे की नाही हे अचूक सांगणारा अँटिव्हायरस कधीच लिहिता येणार नाही. पैसे कमी पडतात किंवा अक्कल कमी पडते म्हणून नव्हे. तर्कानेच ते अशक्य आहे. ज्या प्रकारचा घाव ग्योडेल यांनी १९३० साली घातला होता, त्याच जातीचा हा. दुकानदार शंभर टक्के संरक्षणाची हमी देऊ लागला की वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

आता चिवट आणि लपलेल्या प्रकाराविषयी. २००५ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच आपले एक नवे साधन तपासून पाहत होते. ते साधन यंत्रातील फाइलींची यादी दोनदा घेई. एकदा विंडोजला विचारून, आणि एकदा विंडोजला बाजूला सारून थेट डिस्क वाचून. दोन याद्या जुळल्या नाहीत. डिस्कवर फाइली होत्या, विंडोज मात्र त्या नाहीतच म्हणत होते. शोध घेता कळले की सोनी बीएमजी कंपनीची गाण्यांची एक सीडी त्यांनी लावली होती, तीतून हा छुपा प्रोग्रॅम आला होता. गाण्यांच्या नकला होऊ नयेत म्हणून तो घातला होता. त्यांनी तो हाताने उपटून काढला, तर सीडीचा ड्राईव्हच यंत्रातून दिसेनासा झाला. तेही मग त्यांना दुरुस्त करावे लागले. बातमी फुटताच गदारोळ झाला आणि कंपनीला त्या सीड्या परत घ्याव्या लागल्या.

अशा प्रोग्रॅमला रूटकिट म्हणतात. तो फाइलीत लपून थांबत नाही, तर जो फाइली दाखवतो त्या ऑपरेटिंग सिस्टीमलाच आपल्या बाजूला वळवतो. अँटिव्हायरस विचारतो, घरात कोणी परका आहे काय? उत्तर देणारा पहारेकरीच चोरांना मिळालेला. म्हणून अँटिव्हायरसचा हिरवा दिवा लागलेलाच राहतो. आणि म्हणून आतून कितीही साफसफाई केली तरी उपयोग होत नाही.

उपाय बाहेरूनच करावा लागतो. दुसऱ्या, निरोगी यंत्रावर पेन ड्राईव्हमध्ये तपासणीची प्रणाली तयार करून घ्यावी, आणि आजारी यंत्र त्या पेन ड्राईव्हवरून सुरू करावे. आता डिस्कवरची विंडोज झोपलेली असते, तिला खोटे बोलता येत नाही, आणि लपलेल्या फाइली उघड्या पडतात. तरीही मनात शंका राहिली तर भांडत बसू नये. मुलांचे फोटो, पत्रे, हिशोब एवढेच बाजूला काढावे, प्रोग्रॅम काढू नयेत. मग सारी डिस्क पुसून ऑपरेटिंग सिस्टीम मूळ ठिकाणाहून आणून पुन्हा घालावी. बाजूला काढलेले परत ठेवण्याआधी तपासावे. बँकेचे व ईमेलचे पासवर्ड बदलायला विसरू नये, आणि ते दुसऱ्या निरोगी यंत्रावरून बदलावेत. आजारी यंत्रावर बदलले तर नवे पासवर्डही चोराच्या हाती जातात. डिस्क पुसूनही टिकणारा प्रकार २०१८ साली सापडला. लोजॅक्स असे त्याचे नाव, आणि तो डिस्कवर राहतच नाही, यंत्र सुरू करणाऱ्या चिपमध्ये बसतो. त्यावर चिपमधील लिखाणच नव्याने भरावे लागते. घरगुती यंत्रात तो क्वचितच आढळतो, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

फॉन नॉयमन यांना यातले काही पाहायला मिळाले नाही. पण एक प्रश्न त्यांना अखेरपर्यंत सतावत होता, आणि तो आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. शरीरात रोज कितीतरी बिघाड होतात, तरी माणूस हिंडतो, फिरतो. बिघाड शरीर स्वतःच हेरते, आवरते, बाजूला टाकते. यंत्राचे तसे नाही. त्यातली एक चूक दुसरीला जन्म देते, म्हणून चूक दिसताच यंत्र थांबवावे लागते. कच्च्या भागांपासून पक्के यंत्र कसे बनवावे, यावर त्यांनी १९५२ साली व्याख्याने दिली. मेंदू आणि गणकयंत्र यांची तुलना करणारी एक व्याख्यानमाला येल विद्यापीठाने त्यांना दिली होती, तीही ते लिहू लागले.

१९५५ साली त्यांची अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगावर नेमणूक झाली आणि ते वॉशिंग्टनला राहायला गेले. त्याच उन्हाळ्यात डावा खांदा दुखू लागला. तपासणीत हाडात कॅन्सर निघाला. तो दुसरीकडे कुठे तरी सुरू होऊन, न दिसता, न कळता, तेथवर पोहोचला होता. पुढच्या वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक घ्यायला ते गेले ते चाकांच्या खुर्चीतून. एप्रिल १९५६ पासून ते वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयातच होते. त्यांच्या डोक्यात देशाची अनेक गुपिते होती. भ्रमात तोंडून काही निघून जाऊ नये म्हणून खोलीत लष्कराची विश्वासू माणसे ठेवली होती.

मृत्यूचे भय त्यांना फार वाटे. त्यांनी कॅथॉलिक धर्मगुरूंना बोलावून घेतले, त्याचे मित्रांना आश्चर्य वाटले. त्याहून मोठे दुःख होते ते बुद्धी मंदावल्याचे. कन्या मरीना यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे, की एका भेटीत त्यांनी तिला दोन लहान आकडे द्यायला आणि त्यांची बेरीज विचारायला सांगितले. सात आणि चार, असे काही तरी. आपले डोके अजून आपले आहे काय, हे त्यांना पाहायचे होते. मुलीला ते सहन झाले नाही.

८ फेब्रुवारी १९५७ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. वय ५३. येलची व्याख्याने द्यायची राहिली, लिहून झालेला भाग १९५८ साली पुस्तकरूपाने आला. स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्रांवरील अपुरे हस्तलिखित आर्थर बर्क्स यांनी पुरे करून १९६६ साली छापले. फॉन नॉयमन यांना प्रिन्स्टनच्या दफनभूमीत पुरले. त्यांचे गणकयंत्र त्यांच्यामागे सुमारे दीड वर्षच चालले. १९५८ च्या जुलैमध्ये ते बंद करण्यात आले, आणि आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे.